सरकारी लखोट्याचे मोल



कविता, कादंबरी, संतवाङ्मय यांची सवय असलेल्या या व्याख्यानमालेत मी टपालाचा विषय घेऊन उभा आहे, आणि तोही सरकारी टपालाचा. पण पत्र हा साहित्याचा जुना सोयरा आहे. आणि सरकारी पत्राने आपल्या भागातल्या कितीतरी घरांचे नशीब पालटलेले आहे. जमिनीची नोटीस, पट्ट्याचा हुकूम, नोकरीची नेमणूक, जंगलखात्याचा दंड ही सगळी वाङ्मये घरी आली ती लखोट्यातूनच. त्या लखोट्याचा खर्च कोणी सोसला, कसा मोजला आणि मुळात मोजला की नाही, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडायचा आहे. प्रश्न लहान दिसतो, पण सरकार स्वतःकडे कसे पाहते, हे त्यातून फार चांगले कळते.

मराठी राज्यात सरकारी पत्रे जासूद आणि हरकारे नेत. पेशव्यांचा खलिता घेऊन निघालेला जासूद हा दरबारचा पगारी माणूस होता, रयतेची पत्रे नेणे हे त्याचे काम नव्हते. सावकारांनी आपल्या हुंड्यांसाठी आपली माणसे ठेवली होती. सामान्य माणसाचा निरोप यात्रेकरू, वाणी किंवा नातेवाईक यांच्या तोंडी जाई. राज्याचे टपाल आणि लोकांचे टपाल या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्यामुळे सरकारी पत्राला पैसे किती लावायचे हा प्रश्नच उद्भवला नाही.

तो उद्भवला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. कंपनीने आधी आपल्या कारभारासाठी डाक उभी केली. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जने ती पैसे घेऊन लोकांना खुली केली. शंभर मैलांना दोन आणे असा दर होता, आणि त्यासाठी दोन आण्यांची तांब्याची नाणी पाडली गेली. म्हणजे एकाच हरकाऱ्याच्या पिशवीत आता दोन प्रकारची पत्रे आली. लोकांच्या पत्राला दाम द्यावा लागे, आणि कंपनीच्या पत्रावर अधिकाऱ्याची सही असली की ते फुकट जाई. या सहीच्या हक्काला फ्रँकिंग म्हणत. पुढे १८३७ च्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. मग तर पिशवी एकच उरली, आणि तिच्यातल्या फुकट पत्रांचे ओझे दाम देणाऱ्या पत्रांच्या डोक्यावर आले.

सही हेच तिकीट असले की काय होते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. साहेबाच्या सहीने साहेबाच्या मेहुण्याचे पत्रही जाते. विलायतेतही हेच चालले होते. पार्लमेंटच्या सभासदांना सहीने पत्रे फुकट धाडण्याचा हक्क होता आणि त्याचा वापर त्यांच्या ओळखीपाळखीचे लोक बिनदिक्कत करीत. रोलंड हिल यांनी पेनी पोस्टाची कल्पना मांडली तेव्हा ही सवलत बंद करणे हा तिचा भाग होता. १० जानेवारी १८४० रोजी ती बंद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पेनी ब्लॅक हे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट आले. सरकारी वापरासाठी त्याच तिकिटाच्या वरच्या कोपऱ्यांत ‘व्ही’ आणि ‘आर’ ही राणीच्या नावाची अक्षरे घालून वेगळे तिकीट छापलेही गेले, पण ते कधी वापरात आले नाही. सरकारने स्वतःच्या पत्राला तिकीट लावावे की नाही, ही चर्चा तिकिटाइतकीच जुनी आहे.

हिंदुस्थानात डलहौसीच्या काळात १८५० साली तीन सभासदांचे टपाल चौकशी मंडळ नेमले गेले, आणि त्याच्या शिफारशींवर १८५४ चा टपाल कायदा उभा राहिला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की पेशावरला. अंतराचा हिशेब गेला आणि वजनाचा राहिला. फ्रँकिंगच्या जुन्या सवलतीलाही या सुधारणेने चाप बसला. सरकारी पत्रे मात्र थांबली नव्हती, उलट राज्य वाढले तशी ती वाढली. त्यांचा खर्च काही वर्षे कागदोपत्री, खात्यांच्या नावे मांडून चालवला गेला. आणि १ ऑगस्ट १८६६ रोजी ‘सर्व्हिस’ असा शब्द छापलेली खास सरकारी तिकिटे सुरू झाली.

त्या पहिल्या वर्षाची एक गंमत आहे. तिकिटे विलायतेत छापली जात, त्यावर ‘सर्व्हिस’ हा छाप मात्र कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फनेज प्रेसमध्ये, म्हणजे लष्करी अनाथाश्रमाच्या छापखान्यात मारला गेला. पुरेशी तिकिटे हाताशी नव्हती, म्हणून महसुली तिकिटेसुद्धा टपालाच्या कामी लावली गेली. जांभळट रंगाच्या बिलाच्या तिकिटांवर हिरव्या शाईत ‘सर्व्हिस पोस्टेज’ असे छापून ती सरकारी पत्रांवर चिकटवली गेली. एवढे मोठे साम्राज्य, पण स्वतःच्या पत्राला लावायला त्याच्याकडे तिकीट पुरेना, अशी ती अवस्था होती.

१८७४ पासून ‘सर्व्हिस’च्या जागी ‘ऑन एच. एम. एस.’ हा छाप आला. म्हणजे राणीसाहेबांच्या कामावर. १९०१ मध्ये राणी जाऊन राजा आला, तरी इंग्रजीत ‘हर’ आणि ‘हिज’ दोन्ही एच पासूनच सुरू होत असल्याने छाप बदलावा लागला नाही. पंचम जॉर्जच्या तिकिटांवर पुन्हा ‘सर्व्हिस’ आले आणि ते स्वातंत्र्यानंतरही राहिले.

आता कोणी विचारील की टपालखाते सरकारचे, महसूलखाते सरकारचे, तिजोरीही सरकारची. मग एका खिशातून पैसे काढून दुसऱ्या खिशात घालण्यासाठी वेगळे तिकीट, वेगळी वही आणि वेगळा कारकून कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तराचे तीन भाग आहेत.

पहिला भाग चोरीचा. कचेरीत साधी तिकिटे ठेवली तर ती बाजारात विकता येतात आणि घरच्या पत्राला लावता येतात. तिकिटावर छाप असला की ते घरच्या पत्रावर उघडे पडते. त्यात आणखी बंधन असे की पाकिटाच्या कोपऱ्यात धाडणाऱ्या अधिकाऱ्याने सही आणि हुद्दा लिहायचा. म्हणजे पूर्वी जी सही पत्र फुकट नेत होती, तीच आता जबाबदारीची खूण झाली. सहीचे काम उलटे झाले, ही या सुधारणेतली मला सर्वांत हुशार वाटणारी गोष्ट आहे.

दुसरा भाग टपालखात्याचा. फुकट वाहतूक करणाऱ्या खात्याला आपण किती काम करतो हे कधीच दाखवता येत नाही. त्याच्या हिशेबात खर्च दिसतो, जमा दिसत नाही. मग तूट भरून काढायला दर वाढवा, अशी ओरड होते आणि ती तूट पोस्टकार्ड लिहिणाऱ्या गरिबावर येऊन पडते. सरकारी तिकिटाने टपालखात्याच्या कामाला दाम मिळाला.

तिसरा भाग मात्र सवयीचा आहे. कचेरीत काम केलेली मंडळी इथे बसली आहेत, त्यांना आवक-जावक नोंदवही ठाऊक आहे. जावक क्रमांक, तारीख, कोणाला, विषय, आणि शेवटच्या रकान्यात तिकिटाची किंमत. तो शेवटचा रकाना कारकुनाला रोज सांगत असे की सरकारचा शब्दही फुकट नाही. जे मोजावे लागते ते माणूस जपून वापरतो. महिनाअखेर शिल्लक तिकिटे आणि वही जुळवताना ज्याला घाम फुटला असेल, त्याला या व्यवस्थेचे सार पुस्तक न वाचता समजले असेल.

पण या व्यवस्थेचे यश सगळीकडे सारखे नव्हते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६८ पासून प्रत्येक खात्याच्या नावाची आद्याक्षरे तिकिटांवर छापली गेली. पन्नासाहून अधिक खाती आणि तितके छाप, असा पसारा झाला. थोड्याच वर्षांत तो आवरून सर्वांना एकच छाप करावा लागला. अमेरिकेने १८७३ मध्ये फुकट टपाल बंद करून खातेवार तिकिटे काढली, आणि दहा-अकरा वर्षांत तीही गुंडाळली. विलायतेत १८८२ पासून खात्यांच्या नावाचा छाप असलेली तिकिटे होती. पण संग्राहकांना ही तिकिटे हवी असत आणि कचेरीतल्याच काहींनी ती त्यांना विकली. १९०४ मध्ये ती सगळी बंद करण्यात आली. चोरी रोखायला काढलेली तिकिटे चोरीपायीच गेली. हिंदुस्थानात मात्र सरकारी तिकीट टिकले, कारण इथे कचेऱ्या दूरदूर पसरलेल्या होत्या आणि वरच्याला खालच्यावर नजर ठेवण्याचे दुसरे सोपे साधन नव्हते.

संस्थानांनीही हा धडा घेतला. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर देवनागरीत ‘ग्वालियर सर्विस’ असा छाप मारून घेतला. आपल्या लिपीत सरकारी टपालाचा शब्द उमटला तो असा. होळकरांच्या इंदूरने १९०४ च्या सुमारास आपल्या स्वतंत्र तिकिटांवर इंग्रजीत ‘सर्व्हिस’ छापले. त्रावणकोरने आपल्या सरकारच्या नावाने ‘ऑन एस. एस.’ असा छाप केला. ज्याच्या त्याच्या छापात ज्याच्या त्याच्या राज्याचा स्वभाव उतरला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपण बसलो आहोत ती भूमी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. निजामाचे टपाल स्वतंत्र होते. सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८६९ मध्ये हैदराबादचे पहिले तिकीट निघाले, एक आण्याचे, ऑलिव्ह हिरव्या रंगाचे. आणि १८७३ मध्ये त्या तिकिटांवर उर्दू लिपीत ‘सरकारी’ असा छाप मारून कचेऱ्यांसाठी वेगळी तिकिटे आली. ब्रिटिशांच्या १८६६ नंतर अवघ्या सात वर्षांत. छापाचा शब्द आपल्याला परका नाही. उर्दूतला ‘सरकारी’ आणि मराठीतला ‘सरकारी’ एकच.

पण या तिकिटांकडे जरा नीट पाहा. विसाव्या शतकातल्या निजामाच्या तिकिटांवर किंमत चार लिप्यांत आहे. इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि आपली मराठी. तिकीट विकत घेणारा रयत मराठवाड्यातला असो, तेलंगणातला असो, त्याला किती पैसे द्यायचे ते त्याच्या लिपीत कळावे, अशी सोय होती. त्याच तिकिटावर जेव्हा ‘सरकारी’ छाप बसतो, तेव्हा तो एकाच लिपीत बसतो. पैसे घेताना चार भाषा आणि हुकूम देताना एक भाषा. संस्थानाच्या राज्यकारभारावर कोणी ग्रंथ लिहिले असतील, पण हा सगळा कारभार अर्ध्या बोटाएवढ्या कागदावर मला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसला नाही. मी त्याकडे वैराने पाहत नाही. चार लिप्यांची तिकिटे काढणारी राज्ये त्या काळी फार नव्हती, हेही खरे. पण ज्याला हुकूम वाचता येत नाही त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचून दाखवणाऱ्याच्या हातात तो जातो. आपल्या भागातल्या गोंड, कोलाम आणि मराठी शेतकऱ्यांच्या जमिनी कशा हातच्या गेल्या याच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. वाचता न आलेला लखोटा हे त्यातले एक कारण आहे.

दुसरी गोष्ट सीमेची. आपल्या उत्तरेला पैनगंगा. पलीकडे वऱ्हाड, यवतमाळ, वणी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा असला तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, त्यामुळे तिथे इंग्रजी टपाल आणि कलदार रुपया चालत असे. अलीकडे निजामाचे टपाल आणि हाली सिक्का. शंभर कलदार रुपयांना सुमारे एकशे सोळा-सतरा हाली रुपये असा भाव असे, म्हणजे आणा आणासुद्धा सारखा नव्हता. संस्थानाचे तिकीट संस्थानापुरतेच. नदीपलीकडे सासर असलेल्या लेकीला पत्र धाडायचे तर निजामाचे तिकीट पुरे पडत नसे, हिंदुस्थान सरकारचे तिकीट लागे. नात्यांना नदी आडवी येत नव्हती, तिकीट आडवे येत होते. ‘सरकारी’ छापाच्या लखोट्यालाही हीच हद्द होती. एका सरकारचा सरकारीपणा नदीपर्यंतच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारचे पत्र रयतेकडे येताना त्याचा खर्च सरकार करी, ते आपण पाहिले. पण रयतेचे पत्र सरकारकडे जाताना? अर्ज लिहिणाऱ्याला पैसे, अर्जाच्या स्टँप कागदाला पैसे, टपालाला पैसे. पैसे नसले तर नॉटपेड धाडावे, पण नॉटपेड पत्राचा भुर्दंड ज्याला पोचते त्याच्यावर पडतो, आणि कचेरीने ते घ्यावेच असे नाही. सरकारी तिकिटाने सरकारच्या आतल्या खर्चाचा हिशेब चोख केला. पण सरकार आणि रयत यांच्यामधला हिशेब एका बाजूला कललेलाच राहिला. वरून खाली येणारा कागद सोपा, खालून वर जाणारा कागद महाग.

जोडेघाटला १९४० मध्ये कोमरम भीम आणि त्यांचे साथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याआधी त्यांनी जमिनीसाठी अर्ज-विनंत्या केल्या होत्या. खालून वर गेलेल्या कागदांचे काय झाले, हे जोडेघाटने सांगितले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला इथल्या आदिवासींचा अभ्यास करायला सांगितले. आणि १९४० च्या दशकात आपल्या केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. अधिकारी येतील, लोक तोंडाने आपले गाऱ्हाणे सांगतील, अशी ती प्रथा. आजही जत्रेत तो दरबार भरतो. त्याकडे आपण एक उत्सवाचा भाग म्हणून पाहतो. पण टपालाच्या इतिहासातून पाहिले तर त्याचा अर्थ वेगळा दिसतो. अर्ज ज्याला लिहिता येत नाही, तिकीट ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारने लखोटा सोडून स्वतः चालत यावे, हा तो विचार आहे. हा रकाना कोणत्याही जावक नोंदवहीत नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १ एप्रिल १९५० रोजी निजामाचे टपाल हिंदुस्थानच्या टपालात विलीन झाले. ‘सरकारी’ छाप संपला, अशोकस्तंभाची ‘सर्व्हिस’ तिकिटे आली. सहा वर्षांनी भाषावार प्रांतरचनेत राजुरा आणि किनवट तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. आपल्या घरांतली कागदपत्रे मात्र तिथेच, त्याच ट्रंकेत राहिली.

आणि म्हणून शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्यामागे किंवा आजोबांच्या पेटीत निजामशाहीतली पाकिटे असतील. पावत्या असतील, पट्टे असतील, नोटिसा असतील. त्यावर फसली सन असेल. त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सनाचा अंदाज येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. अशी पाकिटे हाती लागली की दोन गोष्टी घडतात. एक तर ती रद्दीत जातात, किंवा कोणी हौशी माणूस तिकीट कापून घेतो आणि पाकीट टाकून देतो. दोन्ही वाईट. तिकीट एकटे फक्त तिकीट असते. पाकिटावर असताना ते साक्षीदार असते. त्यावरचा पोस्टाचा शिक्का गाव सांगतो, कोपऱ्यातली सही हुद्दा सांगते, ‘सरकारी’ छाप सांगतो की हे पत्र कचेरीतून निघाले, आणि आतला कागद सांगतो ते कशासाठी. जमिनीच्या वादात, वंशावळीत, गावाच्या इतिहासात असा एक पूर्ण लखोटा शंभर आठवणींना भारी पडतो.

तेव्हा तिकीट भिजवून सोडवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमटपणाने कागद कुजतो. जाड कागदाच्या घडीत ठेवा, घड्या मोडून सपाट करा आणि उर्दू वाचणाऱ्या जाणत्याकडून मजकूर वाचून घेऊन त्याचा मराठी सारांश सोबत लिहून ठेवा. ज्या लिपीमुळे आपल्या आजोबांना तो कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला, तोच कागद नातवाला निदान आपल्या भाषेत वाचता यावा. आणि मोबाईलने दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, मागची बाजू विसरू नका. पत्र पोचल्याचा शिक्का बहुधा मागेच असतो.

सरकारी टपालाचा हा इतिहास म्हणजे राज्याने स्वतःचा खर्च मोजायला शिकण्याचा इतिहास आहे. सही दाखवून फुकट जाणारे पत्र तिकिटावर आले, तिकीट वहीत आले, आणि वही तपासणीला आली. हे चांगले झाले. पण मोजणीच्या वहीत जे बसत नाही त्याचाही विचार राज्याने करावा लागतो. अर्जदाराच्या पायपिटीला तिकीट लावता येत नाही. ती पायपीट ज्यांनी केली त्यांच्या पिढ्या इथे बसल्या आहेत. त्यांच्याकडे आलेले आणि त्यांनी धाडलेले कागद जपणे, हा हिशेबाचा राहिलेला अर्धा भाग आहे, आणि तो लिहिण्याचे काम कोणत्याही कचेरीचे नाही, आपले आहे.